टोकियो पळून जात नाही

सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. दिल्लीहून टोकियोला जाताना तिकिटावर ११ तास दिसतात, परतताना जेमतेम ६. कारण म्हणे पृथ्वी पूर्वेकडे फिरते. जाताना टोकियो विमानापुढे पळतं आणि येताना दिल्लीच सामोरी येते. खाली हिशेब जोडलाय: अंतर ५,८५० किलोमीटर, वेग ताशी ९००, म्हणून ‘खरा वेळ’ साडेसहा तास. यातलं अंतर तेवढं बरोबर आहे. पण हे विज्ञान म्हणून शाळकरी मुलांपर्यंत पोहोचतंय, त्यामुळे गप्प बसवत नाही.

आधी तिकीट. त्यावर निघण्याची आणि पोहोचण्याची वेळ त्या त्या शहराची असते. जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. समजा, रात्री ८ ला दिल्लीहून निघालात आणि सकाळी ७ ला टोकियोत उतरलात. घड्याळात ११ तास गेले, विमानात साडेसातच. परतीला सकाळी ११ ला निघून संध्याकाळी ५ ला दिल्लीत. घड्याळात ६, विमानात साडेनऊ. म्हणजे जायला कमी आणि यायला जास्त. मेसेजच्या नेमकं उलट!

आता ते पळणारं टोकियो. त्या अक्षांशावर जमीन ताशी १,३५० किलोमीटरहून जास्त वेगाने पूर्वेकडे सरकते. टोकियो खरंच विमानापासून पळत असतं, तर ९०० च्या वेगाने ते कधीच गाठता आलं नसतं. धावपट्टीवर उभ्या विमानालाही पृथ्वीचा हा वेग मिळालेलाच असतो, आणि हवाही जमिनीबरोबरच फिरते. तसं नसतं तर आपल्याला घराबाहेर उभंही राहता आलं नसतं.

मग दोन तासांचा फरक येतो कुठून? वाऱ्यातून. साधारण १० किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचा पट्टा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. जपानवर हिवाळ्यात तो फार जोरदार असतो. वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात फुगे सोडून, दुर्बिणीतून त्यांचा माग काढत हा वारा मोजला. १९२६ मध्ये जगाला वाचता यावं म्हणून अहवाल एस्पेरांतो या मुद्दाम तयार केलेल्या जागतिक भाषेत छापला, आणि नेमका म्हणूनच तो फारसा कुणी वाचला नाही. मला याची आजही हळहळ वाटते.

वारा सरासरी १५० चा धरा. जाताना जमिनीवरून मोजलेला वेग १,०५०, येताना ७५०. सीटसमोरच्या पडद्यावर हा आकडा दिसतो, दोन्ही वेळा बघून ठेवा. तेवढ्यानेच सव्वादोन तासांचा फरक पडतो. उन्हाळ्यात हा वारा मंदावून उत्तरेकडे सरकतो आणि फरक कमी होतो. पृथ्वीचं फिरणं काही जानेवारीत आणि जुलैत बदलत नाही.

राहिला साडेसहा तासांचा भागाकार. विमान पूर्ण वेगाने उडतं ते वर पोहोचल्यावर. चढण्या-उतरण्यातही वेळ जातो. शिवाय ५,८५० ही पृथ्वीच्या गोलावरची सर्वांत जवळची वाट आहे, आणि ती हिमालय ओलांडून तिबेटवरून जाते. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला लगेच सुमारे ३ किलोमीटर उंचीवर यावं लागतं, कारण प्रवाशांच्या मास्कमधला ऑक्सिजन थोडीच मिनिटं पुरतो. तिबेटचं पठारच साडेचार किलोमीटर उंच, खाली यायचं कुठे? म्हणून विमानं बहुतेक वेळा बंगाल, म्यानमार, दक्षिण चीन असा दक्षिणेकडून वळसा घेतात.