पर्जन्यमापक, तबला आणि तुमच्या मुलाचा अभ्यासक्रम : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देते. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, प्लेसमेंट तोंडावर आली आहे, आणि डेटा सायन्स शिकवणाऱ्या मॅडम (म्हणजे मी) मात्र गच्चीवरचा पाऊस, जुनी नाणी आणि तबला यांवर लिहीत बसतात. सतत नवी साधनं शिकतात, म्हणजे कशावरच त्यांची पक्की बैठक नाही. एआय सगळा कोड लिहून देत असताना हे छंद घरी ठेवावेत आणि मुलांना कामाचं शिकवावं.

प्लेसमेंटची काळजी रास्त आहे. माझ्या वर्गात एसक्यूएल, म्हणजे तक्त्यांतून हवी ती माहिती काढण्याची भाषा, सुरुवातीलाच येतं आणि शेवटपर्यंत सुटत नाही, कारण ते मुलाखतीत विचारतात आणि नोकरीत रोज लागतं. गच्चीवरचा रोजचा पाऊस मोजून मी ज्या वहीत लिहिते, तिच्याबद्दल मात्र मला तुमचं म्हणणं अजिबात मान्य नाही.

हवामान खातं सकाळी साडेआठपासून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंतचा पाऊस मोजतं आणि तो आकडा मोजणीच्या दिवसाच्या तारखेला लिहितं. त्यामुळे १४ जुलैच्या संध्याकाळी सात वाजता कोसळलेली सर १५ जुलैच्या नावावर जाते. मी माझ्या वहीत तीच वेळ पाळते. आता समजा, एका विद्यार्थ्यानं रोजचा पाऊस आणि शहर बसचे रोजचे प्रवासी तारखेवरून जोडले. कोड विनातक्रार चालेल, आलेखही नेटका येईल. पण प्रवासी पावसाच्या आदल्या दिवशीच घटलेले दिसतील. फाइलमधल्या तारखेचा अर्थ कुणी विचारला नाही, तर ही चूक कोडमध्ये कितीही शोधली तरी सापडत नाही.

दुसरी गोष्ट रिकाम्या रकान्याची. माझ्या वहीत तीन वेगळ्या नोंदी असतात : पाऊस नाही म्हणून शून्य, भांडं ओलं झालं पण मोजण्याइतकं पाणी नाही, म्हणून ‘किंचित’, आणि मी गावाला गेले होते म्हणून कोरी जागा. समजा दोन दिवस घर बंद होतं आणि तिसऱ्या सकाळी भांड्यात ७५ मिलिमीटर पाणी निघालं. एआयला फाइल स्वच्छ करायला सांगितली आणि त्यानं कोऱ्या जागी शून्य भरलं, तर महिन्याची बेरीज बरोबरच राहते. म्हणून कुणाला शंका येत नाही. पण ६४.५ मिलिमीटरपासून पुढचा पाऊस हवामान खात्याच्या वर्गवारीत ‘जोरदार’ ठरतो. म्हणजे प्रत्यक्षात पाऊस रोज २५ मिलिमीटर पडला असेल, तर ते तीन मध्यम पावसाचे दिवस गेले आणि त्यांच्या जागी दोन कोरडे आणि एक जोरदार पावसाचा दिवस आला. २.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला तर तो ‘पावसाळी दिवस’, ही मोजदादही बिघडली.

अशी कोरी जागा दवाखान्याच्या, बँकेच्या, पीकविम्याच्या फाइलीतही असते. रकाना कोरा का राहिला, हे तो भरणाऱ्या माणसाच्या दिवसावर अवलंबून असतं. ज्यानं स्वतः काही महिने नोंदी ठेवल्या, त्याचा हात शून्य भरण्याआधी थांबतो. मी एआय वापरते आणि वर्गातही वापरू देते. पण हे थांबणं शिकवणं माझं काम आहे, आणि ते मला स्लाइडवरून शिकवता येत नाही.

आता साधनांबद्दल. मी डकडीबी हा छोटेखानी डेटाबेस शिकले, कारण वर्गातल्या बऱ्याच मुलांचे लॅपटॉप साधे असतात. पांडाज हे पायथनमधलं नेहमीचं साधन सगळी फाइल मेमरीत घेतं आणि मोठ्या फाइलीवर ते लॅपटॉप अडकतात. डकडीबीला सर्व्हर लागत नाही. सीएसव्हीवर, म्हणजे तक्त्याच्या साध्या मजकूर-फाइलीवर, थेट एसक्यूएल चालवता येतं. आधी शिकलेलं एसक्यूएल तिथे जसंच्या तसं उपयोगी पडतं, त्यामुळे बैठक मोडण्याचा प्रश्नच येत नाही.

कधी साधनच शिक्षकाला शिकायला लावतं. बॉस्टनच्या घरांच्या किमतींचा डेटा कित्येक वर्षं जगभरच्या वर्गांत पहिलं उदाहरण म्हणून शिकवला गेला. तो १९७८ च्या एका शोधनिबंधातून आला होता, आणि त्यात वस्तीतल्या कृष्णवर्णीयांच्या प्रमाणावरून काढलेला एक रकाना होता. सायकिट-लर्न या मशीन लर्निंगच्या लायब्ररीच्या १.२ आवृत्तीतून तो डेटा काढून टाकला गेला. नुसतं दुसरं उदाहरण घालून पुढे जाता आलं असतं. मी मुलांना तो रकाना कशासाठी तयार केला होता हे वाचायला लावते, आणि तो तास वर्षातल्या सगळ्यात जिवंत तासांपैकी असतो.

नाण्यांवर लिहिलं ते दामोदर धर्मानंद कोसंबींमुळे. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणारा हा माणूस प्राचीन आहत (ठसे मारलेली) नाणी तराजूत घालून तोलत होता. चलनात फिरताना नाणं झिजतं. जितका काळ ते फिरतं, तितकं सरासरी वजन घटतं आणि नाण्यानाण्यांतला फरक वाढतो. या दोन गोष्टींवरून कुठल्या गटाची नाणी आधीची, याचा अंदाज त्यांनी बांधला. त्याच कोसंबींनी १९४४ मध्ये जनुकांमधल्या अंतरासाठी दिलेलं सूत्र आनुवंशशास्त्रात आजही त्यांच्या नावानं वापरतात. गणित येतं म्हणून ते कागदाशी बसून राहिले नाहीत, नाणी हातात घेतली. शिक्षक म्हणून मला त्यांचं हे वागणं फार मोलाचं वाटतं.

तबल्याचा डेटाशी काही संबंध नाही आणि मी तो ओढूनताणून जोडणारही नाही. मला तबला आवडतो. तिथे मी विद्यार्थिनी आहे, गुरुजी सांगतील तो कायदा (तबल्यातली एक बोलरचना) संथ लयीत घोटते, आणि आठवडाभर पुढच्या तासाची वाट बघते.

शेवटी तुम्ही विचारलंत, की मुलानं या सुट्टीत काय शिकावं. एसक्यूएल. त्यातली जॉइन, ग्रुप बाय आणि विंडो फंक्शन्स इतकी पक्की करावीत की कागदावर लिहिता आली पाहिजेत. सोबत एखाद्या गोष्टीची रोजची नोंद त्यानं स्वतः ठेवावी : घराचं वीजमीटर, दुकान असेल तर गल्ला, किंवा पाऊस. पाऊस मोजायचा असेल तर सरळ बाजूंचं, सपाट बुडाचं पारदर्शक भांडं आणि पट्टी पुरते. भांडं भिंत आणि झाडांपासून लांब, उघड्यावर ठेवावं. तारीख, वेळ, आकडा आणि शेरा असे चार रकाने करावेत. शेऱ्याचा रकाना त्यानं गाळू नये. महिनाभरानंतर ती फाइल मला पाठवली तर मी ती नीट वाचून त्याला उत्तर लिहीन.