चतुर्थीनंतर देतो

समाजसेवा करायची तर पूर्वी घराबाहेर पडावं लागे. जत्रेत पाणी वाटा, वाचनालयातल्या पुस्तकांना कव्हरं घाला, रक्तदानाला जा आणि वर सुई टोचून घ्या. आता इंटरनेट आलंय. ऐन पावसात, बाजारासाठी म्हापशाला जायचाही कंटाळा येतो अशा दिवशी, डिचोलीत खुर्चीवर बसून तुम्ही जगाचं भलं करू शकता. फक्त ते कसं करावं हे कळायला हवं.

आधी नाव नोंदवा. एका ठिकाणी नव्हे, चांगलं पाच-सहा ठिकाणी. संयुक्त राष्ट्रांची ऑनलाइन स्वयंसेवकांची सेवा २००० सालापासून चालू आहे. तिथे भाषांतर असतं, चित्रं काढणं असतं, आणखीही बरंच असतं. त्यात शिरू नका, शेवटी प्रमाणपत्र मिळतं का तेवढं पाहा. नोंदणी झाली की लगेच लिंक्डइनवर टाका. काम सुरू व्हायच्या आधी टाकलेलं बरं, नंतर टाकण्यासारखं काही उरेलच असं नाही.

संस्था छोटी असेल तर सोन्याहून पिवळं. तिथे हिशेबापासून पत्रव्यवहारापर्यंत सगळं एकच बाई पाहत असते. ती तीन संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर तुम्हाला काम समजावून सांगेल. मान डोलवा. मग गायब व्हा. हे अनुभवाचे बोल आहेत. एका संस्थेची चाळीस पानांची पुस्तिका मी तपासायला घेतली होती. 'चतुर्थीनंतर देतो' म्हणालो. कुठल्या वर्षीची चतुर्थी ते बोललो नव्हतो, त्यामुळे मी अजून मुदतीतच आहे.

नकाशे काढायचे असतील तर गाव लांबचं निवडा. १२ जानेवारी २०१० ला हैतीत भूकंप झाला तेव्हा जगभरच्या शेकडो लोकांनी घरबसल्या, उपग्रहाच्या छायाचित्रांवरून, ओपनस्ट्रीटमॅप या सगळ्यांनी मिळून काढायच्या नकाशावर राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सचे रस्ते रेखले आणि मदतपथकांनी तो नकाशा वापरला. ही हकीकत चारचौघांत अशी सांगा की तुम्हीही त्यात होता असं वाटावं. प्रत्यक्ष काम म्हणजे एक चौकोन उघडायचा आणि दिसेल त्या छपराभोवती बिंदू टाकायचे. गवताची गंजी झोपडी म्हणून गेली तरी घाबरू नका. मागून तपासणारा असतो, त्याला तरी काही काम नको का? आपल्या वाड्याचा नकाशा मात्र चुकूनही काढू नका. आकाशातून छप्पर दिसतं, वाटेचं नाव दिसत नाही. ते तिथल्याच माणसाला भरावं लागतं. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेताच्या, बांधावरची कुठली मानस (पाणी अडवायची झडप) गळते, पावसात कुठला साकव पाण्याखाली जातो, हे तुम्हाला नेमकं ठाऊक आहे. म्हणजे काम अंगाला चिकटलंच. त्यापेक्षा हैती बरी.

मराठीचा जाज्वल्य अभिमान असणाऱ्यांसाठी विकिस्रोत हे ऑनलाइन मोफत ग्रंथालय आहे. एका बाजूला जुन्या पुस्तकाचं स्कॅन केलेलं पान, दुसऱ्या बाजूला यंत्राने ओळखलेला मजकूर. यंत्राने 'घर' चं 'धर' केलेलं असतं, ते आपण दुरुस्त करायचं. एकाने तपासलं की पान पिवळं होतं, दुसऱ्याने पुन्हा तपासलं की हिरवं. आपलं पिवळं पान आपल्यालाच हिरवं करता येत नाही, एवढा अविश्वास! शिवाय टाळ्या नाहीत. गोव्यात मराठी की कोंकणी यावर फेसबुकवर तीन तास भांडा, दोनशे माणसं धावून येतात. तेच तीन तास पानं पिवळी करण्यात घालवा, कुत्रंही फिरकत नाही. भाषेची सेवा कशात आहे ते आता सांगायला नको.

अगदीच वेळ नसेल तर फ्रीराइस. २००७ मध्ये तो खेळ सुरू झाला तेव्हा एका बरोबर उत्तराला तांदळाचे १० दाणे मिळत, जागतिक अन्न कार्यक्रमासाठी. किलोत चाळीस-पन्नास हजार दाणे धरले तर चार-पाच हजार उत्तरांत एक किलो. उकडा की सुरय, ते विचारू नये.

माझं स्वतःचं मन मात्र 'बी माय आइज' वर बसलंय. डेन्मार्कमधल्या लोकांनी २०१५ साली सुरू केलेलं हे ॲप. दृष्टिहीन माणूस कॅमेरा लावून कॉल करतो आणि आपण बघून सांगायचं, डबा साखरेचा की मिठाचा, दुधाची तारीख उलटली का. पण यात दृष्टिहीनांच्या कितीतरी पट स्वयंसेवक आहेत, आणि एक कॉल अनेकांकडे वाजतो. पहिला उचलेल त्याचं पुण्य. आपण नुसतं बसायचं आणि फोनकडे बघायचं. आठवडेच्या आठवडे. याहून सुशेगाद समाजसेवा मी तरी पाहिलेली नाही.

अशा वेळी आतून आबा हाक मारतील. मोतीबिंदू वाढलाय त्यांचा. 'अरे बाबा, ही प्रेशरची गोळी की साखरेची, जरा बघ रे.' उठू नका. नेमका तेव्हाच कॉल आला तर? त्यापेक्षा आबांच्या फोनवर तेच ॲप घालून द्या, भाषा मराठी निवडा. कॉल लागेल सांगलीतल्या कुणा मुलीला. ती पाकिटावरचं नाव वाचेल, तारीख वाचेल, 'जरा सरळ धरा, आजोबा' म्हणेल. आबा तिला मासळीबाजारातला बांगड्यांचा आजचा भाव सांगतील, तोही न विचारता. फोन ठेवता ठेवता ती विचारेल, 'घरात कुणी नाही का हो?'

'आहे की,' आबा सांगतील. 'नातू आहे. पण तो समाजसेवेला बसलाय.'