विठोबाच्या गिरणीतला बदली कामगार

मे महिन्याच्या सुट्टीत वर्गातली निम्मी मुलं मामाच्या गावाला जायची आणि जूनमध्ये आंब्यांच्या, विहिरीच्या, बैलगाडीच्या गोष्टी घेऊन परत यायची. 1983 च्या सुट्टीत आईचं बाळंतपण होतं. ती माझ्या धाकट्या बहिणीला जन्म द्यायला मामाच्या गावाला गेली, आणि ‘हा तिथे नुसता पायात पायात येईल’ म्हणून माझी रवानगी लालबागला आजीकडे झाली. म्हणजे त्या वर्षीचे आंबे जिच्या वाट्याला आले तिला अजून दातसुद्धा नव्हते.

आजीची खोली चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर. दहा बाय बारा, मोरी धरून. तीत आजी, आप्पाकाका, विठोबा-रखुमाई आणि आता मी. काकू दोन्ही पोरांना घेऊन साताऱ्याकडे गावी गेली होती, कारण तिथे ज्वारी तरी घरची होती. आप्पाकाका गिरणीच्या त्रासनखात्यात, सूत कातायच्या विभागात होते. होते म्हणजे, गिरणी चालू असती तर असते. 1981 च्या दिवाळीत बोनसवरून ठिणगी पडली, 18 जानेवारी 1982 ला अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, आणि मी ट्रंक घेऊन जिना चढलो तेव्हा संपाला सोळा महिने होत आले होते. गॅलरीतून समोरच्या गिरणीचं धुराडं दिसायचं. धूर नव्हता. त्यामुळे दांडीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी पडत नाही, एवढा एकच फायदा चाळीतल्या बायका मला सांगायच्या.

गिरणीचा भोंगाही बंद होता. पूर्वी अख्खी चाळ त्या भोंग्यावर उठायची, जेवायची, झोपायची. आता भोंगाच नाही म्हटल्यावर माणसं आठ-आठ वाजेपर्यंत अंथरुणात लोळतील असा माझा दहा वर्षांच्या अकलेचा अंदाज होता. मी आजीला धरलंच नव्हतं.

“भोंगा बंद पडला म्हून दिस उगवायचा ऱ्हातोय व्हय?” ती म्हणायची, आणि पहाटे पावणेचारला टाळ वाजवायची. एकच टाळ, पितळी, माझ्या डाव्या कानापाशी.

“आरं ऊठ! पांडुरंग कवाधरनं हुबा हाय, अन तू आडवा!”

आजी माळकरी. तिची भक्ती मात्र हळव्या, डोळे मिटून डोलणाऱ्या बायकांची नव्हती. तिने तीस-पस्तीस वर्षं नवऱ्याला आणि मग पोराला पाळीवर धाडलं होतं, आणि देवाचंही सगळं पाळीवरच लावलं होतं. पहाटेची काकड आरती ही पहिली पाळी, दुपारची पोथी दुसरी, संध्याकाळचा हरिपाठ तिसरी. पहिल्याच दिवशी आप्पाकाकांनी विडीला काडी लावत मला माझी नेमणूक सांगितली. “तू बदली कामगार. कायम व्हायचं मनात आणू नको. आमच्यात कित्येकांची उमर गेली बदलीत.”

पहिल्या पाळीचं काम म्हणजे पाणी. नळ साडेचारला यायचा आणि सहाला गचके देत जायचा. त्याआधीच बादल्या, कळश्या आणि डालड्याचे डबे रांगेत उभे असायचे. माणसं नंतर यायची. एका डब्याच्या जागी तर नुसती वीट ठेवलेली असायची आणि तिचाही नंबर सगळे मानायचे. “विटेला मान दिलाच पायजे,” आजी म्हणायची. पहिली कळशी देवाची. ती घेऊन आजी निघाली की कुणी शिवायचं नाही, आणि गॅलरी इतकी अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला दारात शिरावं लागायचं. म्हणून मी पुढे “बाजू, बाजू” ओरडत धावायचं, मंत्र्याच्या गाडीपुढे धावणाऱ्या जीपसारखं. वारकरी पंथात शिवाशीव मानत नाहीत हे मला पुढे पुस्तकात कळलं. आजीने ते पुस्तक वाचलेलं नव्हतं.

दुसरी रांग संडासाची, टमरेल हातात धरून. रांगेतला वेळ फुकट घालवायचा नाही, नामस्मरण करायचं, हा आजीचा नियम. ही रांग त्यात धरायची का, यावर मी खुलासा मागितला तेव्हा आजी विचारात पडली. आप्पाकाका म्हणाले, “तिथंच तर मनापासून होतं.”

पण खरा छळ वातींचा.

समईला रोज पाच वाती लागत. इतकी वर्षं त्या वातींचा कापूस गिरणीतून यायचा. म्हणजे विकत नाही. आप्पाकाका सुटताना टोपीत चिमूटभर पेळू दडवून आणायचे. फाटकावर झडती व्हायची, खिसे उलटे व्हायचे, डबा हुंगला जायचा, पण टोपीत हात घालायचा म्हणजे इज्जतीचा प्रश्न, म्हणून देवाचा उजेड अडला नाही. ही चोरी नाही का, असं मी एकदा विचारलं. आजी म्हणाली, “द्येवाच्या नावाचं त्ये. चोरी कसली? हजेरी म्हन.”

संप झाला आणि ही आवक बंद पडली. कामगारांच्या हालअपेष्टांवर पुढे बरंच लिहिलं गेलं, पण विठोबाच्या वातींचं काय झालं याची नोंद कुठे झालेली नाही, म्हणून इथे करून ठेवतो. त्या वाती माझ्या उशीतून येत होत्या.

मला कळलं ते आठवड्याने. आलो त्या रात्री उशी चांगली गुबगुबीत होती. चौथ्या-पाचव्या रात्री मान खाली जायला लागली. मला वाटलं मी वाढतोय. मग एका पहाटे टाळेच्या आधीच जाग आली तर आजी उशाशी उकिडवी बसलेली, उशीची उसवलेली शिवण दोन बोटांनी फाकवून आतला कापूस हलकेच ओढतेय. माझं डोकं वरच होतं. ओढून झाल्यावर तिने थुंकी लावून तो मांडीवर वळला, उजेडाकडे धरून पाहिला, आणि शिवणीला पुन्हा टाका घातला. माझ्याकडे बघून म्हणाली, “जागा हाईस व्हय? मग ऊठ की.” ओशाळली वगैरे काही नाही. सरकीची टरफलं निवडायला मलाच बसवलं.

आता एकादशीबद्दल. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ हे मी घरी अनुभवलेलं होतं. त्यामुळे वरुथिनी एकादशी येतेय म्हटल्यावर आदल्या रात्रीपासून साबुदाण्याच्या खिचडीचा वास माझ्या नाकात होता. प्रत्यक्षात पुढ्यात आले एक उकडलेला बटाटा, मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा.

“साबूदाना उपासाला चालतच न्हाई,” आजीने जाहीर केलं. “त्यो मुळाचा. कारखान्यात क्येल्याला.”

“मग संपात तोही बंद असेल,” आप्पाकाका बटाटा सोलत म्हणाले.

घरी आलेली आजी आमच्याकडे साबुदाणा वाडगं भरभरून खायची हे मला स्पष्ट आठवत होतं. पण शास्त्र बदलायचा अधिकार तिचा होता. त्या महिन्यात ते बरंच बदललं. चहातलं दूध उपासाला वर्ज्य झालं, मग शनिवारी वर्ज्य झालं, मग सोमवारी. आप्पाकाका यावर काही बोलायचे नाहीत. कोरा चहा बशीत ओतून फुंकत बसायचे.

उपासाला लालबागसारखी वाईट जागा नाही. एका अंगाला चिवडा गल्ली. तिथे दिवसभर कढया चालू, पोहे तडतडतायत, खोबऱ्याचे काप तळले जातायत. एकादशीला आजी मला मुद्दाम त्या गल्लीतून वाण्याकडे वातींचं तेल आणायला पाठवायची. “मन मारायला शिकशील.” मन मेलं नाही. मी दोनदा गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत आलो आणि प्रत्येक वेळी छातीभर श्वास घेतला, एवढंच. वासाने उपास मोडतो का, हे मी आजीला विचारलं नाही. तेही बदललं असतं.

संप का मिटत नाही यावर संध्याकाळी गॅलरीत चर्चा व्हायची. कुणी बदलीवाल्यांचं म्हणायचं, कुणी कायद्याचं, कुणी मान्यताप्राप्त युनियनचं, कुणी दिल्लीचं. आजीचं निदान पंचांगात होतं. नुकत्याच सरलेल्या शके 1904 मध्ये दोन अधिक महिने आले होते आणि एक महिना चक्क क्षय झाला होता. “म्हैनाच गिळला पंचांगानं,” ती म्हणायची, “तितं तुमचा पगार काय घिऊन बसलायसा?” बाकीच्यांच्या विश्लेषणापेक्षा हे काही फार कमी पटण्यासारखं नव्हतं. निदान ते छापलेलं होतं.

तिसरी पाळी हरिपाठाची. हरिपाठाचे अठ्ठावीसच्या घरात अभंग, आणि प्रत्येकानंतर ध्रुपद फिरून तेच. मी बोटांवर मोजायचो, चौदाव्याला घोटाळा व्हायचा, आणि अजून चौदा राहिले की चारच, या आशेवर पुढचा वेळ जायचा. संप नसता तर एवढी गर्दी झाली नसती. पण रिकामे पुरुष जाणार कुठे? त्रासनखात्याचे, मागांवरच्या साचेखात्याचे, एक कोकणातले बुवा, सगळे दाटीवाटीने आमच्या खोलीत आणि दाराबाहेर. शेजारच्या खोलीतून सुकटाचा वास. शिवाय मे महिना, म्हणजे लालबागला मसाल्यांचा हंगाम. मुंबईभरच्या बायका मिरची गल्लीत बेडगी-संकेश्वरी निवडायच्या आणि तिथेच डंकावर कुटून घ्यायच्या. संध्याकाळी वारा फिरला की सगळा खकाणा आमच्या गॅलरीत. पाचव्या-सहाव्या अभंगाला पहिली शिंक. मग साथ. मृदंगवाल्याची शिंक मात्र नेमकी समेवर पडायची, त्याला सगळे मान डोलवायचे. आजी शिंकायची नाही. डोळ्यांतून पाणी वाहायचं, पण आवाज तसाच. नव्याने आलेल्यांना वाटायचं, काय म्हातारीचा भाव!

एकदा हरिपाठ संपल्यावर आप्पाकाकांनी विठोबाकडे बोट दाखवलं. “अठ्ठावीस युगं झाली, हात कमरेवर. हात कमरेवर म्हणजे काम बंद. हा आपल्यातलाच.”

खोली हसली. आजी बुक्का लावत होती. ती न थांबता म्हणाली, “त्यो हुबा हाय. तुमी बसलाय.”

त्यानंतर बराच वेळ कुणी उठलं नाही.

तर या वातावरणात मी संप केला नसता तरच नवल. मोहिनी एकादशीच्या आदल्या दिवशी आप्पाकाकांनी मला मागण्यांचं पत्रक लिहून दिलं. वहीच्या मधल्या पानावर, तीन मागण्या. एक, टाळ उजव्या कानाशीही वाजवावी, डावा दुखतो. दोन, उशीला हात लावू नये. तीन, एकादशीला साबुदाण्याची खिचडी, तीत शेंगदाण्याचं कूट किमान 8.33 टक्के. बोनसच्या कायद्यात एवढा तर कमीत कमी द्यावाच लागतो, असं ते म्हणाले. मी ते पत्रक आजीपुढे मोठ्याने वाचलं. शेवटी ‘जिंदाबाद’ म्हटलं.

आजी म्हणाली, “बरं.”

दुसऱ्या दिवशी टाळ वाजलीच नाही. मी साडेआठला उठलो. नळ गेला होता, चहा संपला होता. आणि देवापुढे कोपऱ्यातल्या खोलीतला सहा वर्षांचा शेंबडा पोरगा बसलेला, कपाळावर माझा गोपीचंदनाचा टिळा, हातात माझं वातींचं तबक, गालात माझी खडीसाखर. आजीने नवीन भरती केली होती. काही गिरण्यांतही तेव्हा हेच चाललेलं, संपवाल्यांच्या जागी नवी माणसं घेत होते, त्यामुळे आप्पाकाकांना ते फार लागलं. “संपफोड्या!” ते त्या पोरावर ओरडले. पोराने तोंड उघडून खडीसाखर दाखवली.

संध्याकाळच्या हरिपाठाला मी कामावर हजर झालो.

“एक दिवस?” आप्पाकाका म्हणाले. “आमचे सोळा महिने झाले रे!”

“तुमच्या गिरणीत खडीसाखर वाटत नाहीत,” मी म्हटलं.

मागण्यांपैकी एकही मान्य झाली नाही. आजीने फक्त एक केलं. रात्री स्वतःचं लुगडं घडी करून माझ्या उशीखाली सारलं आणि त्या बदल्यात दुसऱ्या दिवशी दोन वाती जास्त काढल्या. गिरण्यांचा तो संप पुढे अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. तसा माझाही नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात बाबा न्यायला आले. बहीण झाली होती. आजीने कनवटीची गाठ सोडून दोन रुपयांची नोट काढली, माझ्या मुठीत कोंबली आणि म्हणाली, “घे, तुजा पगार.”

“आणि बोनस?” आप्पाकाकांनी गॅलरीतून विचारलं.

“दिवाळीला बघू,” आजी म्हणाली, आणि गॅलरीत जेवढे होते तेवढे सगळे इतके हसले की खालच्या मजल्यावरची माणसं बाहेर आली.

उशीत आता काही उरलं नव्हतं. आजीने खोळ धुतली, नाडी ओवली, आणि तिच्यात आईसाठी मिरची गल्लीतलं पावशेर लाल तिखट भरून दिलं. ती पिशवी एस.टी.त माझ्या मांडीवर होती. पनवेल सुटल्यावर मी शिंकायला लागलो ते घाट चढेपर्यंत.

बाबांनी कपाळाला हात लावून पाहिला. “सर्दी झाली काय रे?”

“नाही,” मी म्हटलं, “हरिपाठ.”