'टीम इज' की 'टीम आर'? दोन्ही बरोबर, मग मार्क का कापता?

डोकं फिरलंय माझं. आमच्या तालुक्यातल्या अभ्यासिकेत भरतीची पोरं इंग्रजीसाठी माझ्याकडे येतात आणि दर भरतीला हाच छळ. 'द टीम ... प्लेइंग वेल.' गाळलेल्या जागी 'इज' की 'आर'? एका गाईडात 'इज', दुसऱ्यात 'आर', आणि उत्तरतालिकेत पेपर काढणाऱ्याच्या मनात येईल ते!

अरे बाप्पा, दोन्ही चालतं! अमेरिकेत टीम, कमिटी, गव्हर्नमेंट यांना बहुतेक वेळा एकवचनी क्रियापद लावतात. ब्रिटनमध्ये सगळा गट एक धरला तर 'इज', त्यातली माणसं सुटी धरली तर 'आर'. क्रिकेटची इंग्रजी कॉमेंट्री लावा, 'इंडिया आर' सर्रास ऐकू येतं. वाक्यात काही खूण तरी ठेवा. 'द कमिटी हॅज सबमिटेड इट्स रिपोर्ट' असेल तर 'इट्स'वरून पोरगं ओळखेल. आगापीछा नसलेलं वाक्य टाकायचं आणि एकच पर्याय बरोबर म्हणायचा, हा कुठला न्याय?

विचारायचंच तर 'पोलीस' विचारा ना! 'द पोलीस हॅव', तिथे लंडनलाही वाद नाही अन् न्यूयॉर्कलाही नाही. 'कॅटल आर' विचारा. 'द नंबर ऑफ'ला एकवचन, 'अ नंबर ऑफ'ला अनेकवचन, हे विचारा. पक्के नियम थोडे आहेत का?

माझ्याकडे येणारी एक पोरगी दिवसभर कापूस वेचते. संध्याकाळी ओढणीला पऱ्हाटीचा पाचोळा तसाच, हाताला बोंडांचे ओरखडे, आणि बसल्याबसल्या गाईड उघडते. तिचे दोन मार्क या प्रश्नात गेले. इथे अर्ध्या मार्काने यादी हुकते, कळतं का तुम्हाला? हरकत घ्यायची तर प्रश्नामागे शंभर रुपये भरा, वर पुरावा जोडा. वेचणीच्या मजुरीतून भरले तिने. ऑक्सफर्डच्या डिक्शनरीचं पान मी काढून दिलं. 'टीम'पुढे स्पष्ट छापलंय, क्रियापद एकवचनी किंवा अनेकवचनी. उत्तर काय आलं? 'बदल नाही.' बस्स. कारण नाही, खुलासा नाही, पैसेही गेले.

कोणतं इंग्रजी धरता, ब्रिटिश की अमेरिकन, ते जाहिरातीतच छापा. छापायचं नसेल तर असले प्रश्न काढू नका. काढलेच, तर दोन्ही उत्तरांना मार्क द्या आणि त्या पोरीचे शंभर रुपये परत करा.