लेबलवर पिकाचे नाव असते, वाणाचे नव्हे

मुंबईत नोकरी करून गावची शेती सांभाळणाऱ्यांच्या मोबाईलवर सध्या एक संदेश फिरत आहे: 'तणनाशक पीक ओळखते, वाण नाही. लेबलवर मका असेल तर स्वीट कॉर्नवर बिनधास्त मारा. पाने पांढरी पडली तर औषध बनावट. अ‍ॅट्राझिनला टिकलेले वाण बाकी औषधांनाही टिकते.'

तणनाशक काहीच ओळखत नाही. टेंबोट्रायोन हे मक्यात वापरले जाणारे तणनाशक तणात शिरते तसे मक्यातही शिरते. मका वाचतो तो त्याच्यातील सायटोक्रोम पी-४५० गटातील विकर ते वेळेत मोडून टाकते म्हणून. स्वीट कॉर्नच्या काही वाणांत या विकराचे जनुकच सदोष असते. असे जनुक आई-बाप दोन्हींकडून आले तर संकरित वाणाला जबर फटका बसतो, एकाकडूनच आले तर इजा बहुधा मधली असते. त्यामुळे एकाच पंपाने, एकाच मात्रेने फवारलेल्या शेजारच्या दोन सऱ्यांत एक हिरवीगार राहते आणि दुसरीच्या पोंग्यातून दुधासारखे पांढरे पान निघते. दादर स्टेशनबाहेर कपात मिळणाऱ्या दाण्यांवरून हा फरक कुणाला कळणार?

पांढरे पान हा बनावटपणाचा पुरावा तर मुळीच नव्हे. हे औषध हरितद्रव्याला उन्हापासून जपणारी कॅरोटिनॉइड्स बनू देत नाही, म्हणून पान पांढरे पडते. म्हणजे औषध अस्सल असल्याचीच शक्यता अधिक. मात्रा चुकली किंवा फवारा एकाच जागी दोनदा पडला, तरी हेच दिसते. दुकानदाराशी भांडण्यापूर्वी एवढे तपासावे.

अ‍ॅट्राझिनचा दाखला सर्वांत फसवा आहे, कारण मका ते वेगळ्याच मार्गाने, मुख्यतः ग्लुटाथायोन हा पेशीतलाच एक रेणू जोडून, निकामी करतो. तो मार्ग शाबूत असला म्हणून पी-४५०चा मार्गही शाबूत असतो असे नाही. उलट, अमेरिकेत सीआर-१ या स्वीट कॉर्नच्या शुद्ध वाणावर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकाच जनुकीय कारणामुळे पी-४५०च्या मार्गाने मोडणाऱ्या अनेक तणनाशकांचा एकदम त्रास होतो असे दिसले.

टोमॅटोचेही तसेच. मेट्रिब्युझिन या तणनाशकाला ग्लुकोज जोडून निकामी करण्याचा वेग वाणागणिक बदलतो, आणि फवारणीआधीचे दोन-तीन दिवस आभाळ भरलेले असेल तर कोवळ्या रोपांची सहनशक्ती आणखी घटते. नवे वाण घेताना बियाणे कंपनीला औषधाचे नाव घेऊन विचारावे, आणि ठाम उत्तर मिळाले नाही तर आधी दोनच ओळींवर फवारून नवी पाने येईपर्यंत थांबावे.