रुंद रस्ता म्हणजे चालू रस्ता नव्हे

फॅमिली ग्रुपवर परत तोच मेसेज आलाय, "चारधामचा रस्ता रुंद झाला नाही तर ब्रह्मोस चीन बॉर्डरवर जाणार कसं? झाडं झाडं करणाऱ्यांनी सैन्याचं काम अडवलंय." दोन मावसभावांनी टाकला म्हणून सविस्तर लिहिते.

आधी "काम अडवलं" हे बघू. अडवलेलं नाहीये. 14 डिसेंबर 2021 ला सुप्रीम कोर्टानेच ऋषिकेश-माणा, ऋषिकेश-गंगोत्री आणि टनकपूर-पिथौरागढ या चीन बॉर्डरकडे जाणाऱ्या तीन रस्त्यांना 10 मीटर रुंदीची परवानगी दिली. उलट जवळपास 900 किमीचा प्रोजेक्ट 53 तुकड्यांत दाखवला, प्रत्येक तुकडा 100 किमीच्या आत, म्हणजे अभ्यासाच्या अटीतून सुटेल असा, त्यामुळे पर्यावरणाचा पूर्ण अभ्यास झालाच नाही.

"सैन्यासाठीच बांधलाय" हेही खरं नाही. 2016 ला भूमिपूजन झालं ते यात्रेकरूंच्या नावाने. 2020 च्या सप्टेंबरमध्ये कोर्टाने साडेपाच मीटरच ठेवा म्हटलं (हा आकडा रस्ते मंत्रालयाच्याच 2018 च्या सर्क्युलरमधला) आणि त्यानंतर बॉर्डरचा मुद्दा पुढे आला. केदारनाथ आणि यमुनोत्रीचे रस्ते तर त्या तिघांत नाहीतच.

आता मेन मुद्दा, रुंद रस्ता म्हणजे सैन्य लवकर पोचणार. आईबाबांना घेऊन बद्रीनाथला गेले होते तेव्हा पिपलकोटीच्या पुढे पागल नाल्याला दरड आली, सहा तास बसमध्ये बसून होतो, आणि आमच्या मागे त्याच लाईनीत आर्मीचे चार ट्रक उभे, जवान खाली उतरून वर डोंगराकडे बघतायत. रस्ता तिथे चांगला रुंद होता हो, पण जेसीबी एक खोरं उचलायचा की वरून तेवढीच माती परत खाली. डोंगर पायथ्याशी उभा कापला की वरच्या भागाचा आधार जातो, मग पावसाळ्यात तो खाली येतोच. कोर्टाने नेमलेल्या समितीला नव्याने कापलेल्या 174 उतारांपैकी 102 दरडप्रवण दिसले होते! दहा मीटरचा बंद रस्ता सैन्याच्या काय कामाचा?

ब्रह्मोसची गरज खरी आहे, ती नाकारत नाही. 42 फुटी मिसाईल न्यायचंय असं कोर्टात सांगितलं गेलं. पण लांब गाडीला जागा लागते ती वळणावर, मग वळणं मोठी करा, ठरावीक अंतरावर क्रॉसिंगला जागा ठेवा, आणि उरलेला पैसा उतार पक्के करण्यात घाला, राडारोडा नदीत ढकलू नका.

5 ऑगस्ट 2025 ला गंगोत्रीच्या वाटेवरच्या धराली गावात पूर आला (तो खीर गाड नावाच्या ओढ्यातून आला, रस्त्यामुळे आला असं मी म्हणत नाहीये), पण त्याच दिवशी जवळच्या हर्षिलच्या आर्मी कॅम्पलाही फटका बसला, जवान बेपत्ता झाले, आणि गंगनानीजवळचा पूल वाहून गेल्यावर बेली ब्रिज (जोडून उभा करायचा लोखंडी पूल) होईपर्यंत मदत मुख्यतः हेलिकॉप्टरनेच. आता त्याच पट्ट्यात, 'झाला' गावापासून भैरोंघाटीपर्यंत, हजारो देवदार रुंदीकरणाच्या वाटेत आहेत. तिथला उतार त्या मुळांनी धरून ठेवलाय, आणि बॉर्डरजवळच्या नेलांगला सैन्याची रसद नेणारे ट्रक त्याच उताराखालून जातात.