ओला म्हणजे कधीपासून ओला?

माझ्या टेबलाच्या वरच्या खणावर, मुठीच्या उजवीकडे दोन बोटं सोडून, एक ठसा उमटलाय. तर्जनीचा आहे, माझा नाही. इतका सुबक की रेषा मोजता येतील. (खालच्या खणावरच्या ठशाबद्दल नंतर.)

टेबल सेकंडहँड. विकणाऱ्याने शिसवी म्हणून गळ्यात मारलं. घरी आणल्यावर कळलं की शिसवी नाही, पण शिसं असू शकतं. जुन्या रंगांत ते घालायचे, आणि असा रंग कोरडा घासला की शिसं धुळीवाटे थेट नाकात. मग तोंडाला मास्क, शेजारी बादली आणि वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात चालणारा सँडपेपर, भिजवून भिजवून घासणं. वरचा थर हिरवा. त्याखाली बदामी. त्याखाली पुन्हा हिरवा! म्हणजे माझ्याआधीही कुणीतरी या टेबलापायी पस्तावलं होतं.

त्यात पहिला अख्खा रविवार मी २२० नंबरच्या पेपरने घासत बसलो. आकडा मोठा म्हणजे जोर मोठा, हा माझा हिशोब. प्रत्यक्षात आकडा वाढतो तसे कण बारीक होतात. रंग खरवडायला ८० लागतो, २२० शेवटी हात फिरवायला. दिवसभरात मी तो हिरवा रंग फक्त चकचकीत केला. व्हिडिओतला माणूस हेच काम तीन मिनिटांत उरकतो, मागे बासरी वाजत असते. त्याचा रंग वाळत बसत नाही, सरळ पुढचा सीन येतो.

तर चार रविवारांनी घासणं, खाचाभेगांत लांबी (पुट्टी) भरणं, प्रायमर सगळं उरकून शेवटचा हात मारला. टेबल जिन्याच्या चौकात ठेवलं आणि वर पुठ्ठ्याची पाटी टेकवली: ‘रंग ओला आहे’.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर वरच्या मजल्यावरचे काका उभे.

“ओला आहे का हो?” त्यांनी विचारलं. बोट तोवर खणावर पोचलेलं होतं.

“काका, पाटी आहे ना!”

“वाचली. म्हणूनच विचारतोय. पाटी कधीची?”

“म्हणजे?”

“‘रंग ओला आहे’ असं तुम्ही लिहिलंत. कधी ओला आहे? काल ओला असेल तर आज वाळला असणार. पाटीवर तारीख नाही, वेळ नाही, खाली सही नाही. माणसाने समजायचं काय?”

“हात लावू नये, असं समजायचं.”

“तसं लिहिलंय कुठे?”

नव्हतं लिहिलं. मी पाटीकडे बघत राहिलो. तेवढ्यात काकांनी कोपऱ्यातला रंगाचा डबा उचलला, चष्मा कपाळावर चढवला आणि डबा नाकाशी नेऊन मोठ्याने वाचायला लागले. “स्पर्शास कोरडा, सहा ते आठ तास. रंग लावलात कधी?”

“काल संध्याकाळी सहाला.”

“आता वाजले दहा. झाले सोळा तास. म्हणजे माझं बोट नियमात बसतं.”

“मग बोटाला रंग कसा लागला?”

“तेच तर मी तुम्हाला विचारतोय!” काका म्हणाले, आणि ते बोट त्यांनी माझ्यासमोर असं धरलं की जणू ते मीच रंगवलंय.

उत्तर मला माहीत होतं, पण मरेपर्यंत ते त्यांना सांगणार नव्हतो. ऑइल पेंट ओल्या कपड्यासारखा वाळत नाही. आधी त्यातलं थिनर उडतं, मग रंग हवेतला ऑक्सिजन ओढून हळूहळू घट्ट होतो, तोही वरून आत. जाड थर दिला की वर साय धरते आणि आत सगळं लिबलिबीत राहतं. दोन पातळ हात द्यायचे असतात. रविवार संपत आला म्हणून मी एकच जाड हात देऊन मोकळा झालो होतो. थोडक्यात, गुन्हा त्यांचा आणि चूक माझी, आणि ही विभागणी मला अजिबात मान्य नाही.

काकांनी टर्पेंटाइन मागितलं. दिलं. चिंधी मागितली. ब्रश पुसायला ठेवलेली माझी एकुलती एक स्वच्छ चिंधी दिली. रंग एका बोटाला, पुसली पाचही. मग माझ्याच स्टुलावर बसून म्हणाले, “रंग कशाला दिलात? पॉलिश करायचं. लाकूड कसं दिसलं पाहिजे.”

आता खरं सांगतो, राग बोटाचा नाही. चार रविवार मी त्याच चौकात उकिडवा बसून घासत होतो. अख्खी बिल्डिंग माझ्या अंगावरून वरखाली करत होती. “काय चाललंय” म्हणून एकानेही विचारलं नाही. एका बाईंनी विचारलं ते एवढंच, की हा खरखर आवाज अजून किती रविवार चालणार. आणि काम झालं त्या दिवशी तपासणी अधिकारी हजर! ठसा काढायचा तर आठवडाभर रंग कडक होऊ द्या, मग ३२० च्या पेपरने हलकं घासा, मग पुन्हा हात द्या. बोट टेकवायला एक सेकंद, निस्तरायला पाचवा रविवार.

काका वर गेल्यावर मी नवी पाटी केली. ‘रंग ओला आहे. कृपया हात लावू नये.’ खाली तारीख, वेळ, सकाळी ११.१५. त्याखाली पूर्ण सही.

आज सकाळी बघतो तर खालच्या खणावर दुसरा ठसा. आणि पाटीवर माझ्या सहीखाली, निळ्या पेनाने, वळणदार अक्षरात: ‘तपासले. स. ७.४०. अजून ओला.’

खाली सही.